न्यांकोरो लोहाराची जबानी

बानी नदीच्या काठी आमचं गाव आहे. न्यांकोरो बालो इथला लोहार. विळे, कुदळी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं करतो. पण गावाला तो हवा असतो भांडणं मिटवायला. लोहार आणि फुलानी जमातीचे गुराखी यांचं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. भेटलं की आधी शिव्या, मग खुशाली. एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, आणि एकानं मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. गुरं शेतात शिरून कोयते निघाले की न्यांकोरो मधे उभा राहून दोन्ही बाजूंना असा काही झाडायचा की माणसं हसत घरी जायची.

मी इथला मास्तर. मोटारसायकलवरून आलेल्या बंदूकवाल्यांनी शाळा जाळली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी लोकांचे अर्ज खरडतो.

मागच्या हिवाळ्यात बाजारच्या दिवशी लष्करानं हम्मादी गुराख्याला उचललं. का? तर फुलानी आहे, डोक्याला फडकं गुंडाळलंय, म्हणजे बंदूकवाल्यांचाच, बस! अहो, याच हम्मादीनं त्या बंदूकवाल्यांना दोनदा तोंडावर सांगितलं होतं, माझी गुरं मिळणार नाहीत, माझा भाऊही मिळणार नाही.

न्यांकोरो त्याला सोडवायला छावणीत गेला. मी सोबत होतो. कारकून राजधानीतला, पोरगेलासा.

"हा तुमचा कोण?" त्यानं विचारलं.

"माझा गुलाम!" न्यांकोरो छाती काढून म्हणाला. "गुरंचोर आहे मेला, जन्माचा खोटारडा. याचं तोंड बघूनच दूध नासतं. माझा चोर मला परत द्या."

पलीकडे जाळीमागून हम्मादी ओरडला, "अरे कोळसातोंड्या, तुला यायला इतका उशीर?"

पहारेकरी हसले. कारकूनसुद्धा पोट धरून हसला. आणि मग त्यानं ते लिहून घेतलं. एकूण एक शब्द! न्यांकोरोनं अंगठा दिला. मी शेजारी उभा होतो, वाचता येणारा, आणि मीही हसत होतो. कागद मागून वाचायचं मला सुचलं नाही. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी कळलं, हम्मादीला राजधानीच्या तुरुंगात पाठवलं. गावच्याच प्रतिष्ठित माणसानं त्याला चोर आणि खोटारडा म्हटलंय, असा शेरा होता.

आम्ही धावत छावणीत गेलो.

"साहेब, ती थट्टा होती. तुम्हीच हसलात ना?"

"हसलो की," कारकून म्हणाला. "पण बोलतील तसं लिहा, असा हुकूम आहे. थट्टा लिहायला रकाना कुठंय?"

"मग दुसरं लिहा. तो भला माणूस आहे."

"म्हणजे पहिल्यांदा लष्कराशी खोटं बोललात? आत टाकू तुम्हालाही?"

"टाका! त्याच्याजवळ टाका!" न्यांकोरो ओरडला. पण तेवढंही कोणी केलं नाही. आठ अर्ज केले मी. एकाचंही उत्तर नाही.

मग एका सकाळी हम्मादीचा भाऊ योरो भट्टीवर आला. न्यांकोरोनं नेहमीसारखी शिवी हासडली. योरोनं ती परत केली नाही. मान खाली घालून, परक्या मोठ्या माणसाला करावा तसा अदबीनं सलाम केला आणि निघून गेला. चार दिवसांनी योरो त्या मोटारसायकलवाल्यांबरोबर दिसला. खांद्याला बंदूक होती.

परवा राजधानीतून एका संस्थेची माणसं गाडी भरून आली. मंडप घातला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या, प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. न्यांकोरोचा मी वाचून दाखवला.

"'तरुण बंदूकवाल्यांकडे का जातात? एकावर खूण करा. गरिबी. बेकारी. धर्माची शिकवण. इतर.'"

न्यांकोरोनं कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, या कारणांत माझं नाव कुठं लिहायचं?"