सतरा नंबरचा फलक

समजा, तुम्हाला नऊशे मीटर लांबच्या एका फलकावर गोळी मारायची आहे. फलक माणसापेक्षा उंच, पण तुमच्या जागेवरून तो मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. मधे गवत, झेंडे आणि वारा. पहिल्या झेंड्यापाशी वारा डावीकडून येतो, शेवटच्यापाशी उजवीकडून. गोळीला पोचायला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात वारा तिला सहज हातभर बाजूला नेतो. आता सांगा, नेम किती सरकवाल?

आमच्या राष्ट्रीय संघात हे सांगायचं काम मावशीचं. एरवी ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. सामन्यात नेमबाजाच्या मागे स्टूल टाकते, दुर्बिणीला डोळा लावते आणि हळूच म्हणते, "दोन डावीकडे. मार." नेमबाज रायफलीवरचं बटण दोन खुणा फिरवतो आणि चाप ओढतो. संघात तिची सख्खी भाची आहे, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी झाली. प्रशिक्षक तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणतात. त्यावर ती दर वेळी डोळे वटारते.

गेल्या वर्षी याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी भाचीने शेवटची गोळी झाडली आणि आमचा फलक खाली गेलाच नाही. गोळी लागली की फलकांखालच्या खंदकात बसलेली माणसं फलक खाली ओढतात, भोकावर खूण लावतात आणि तो पुन्हा वर करतात. त्या दिवशी खाली गेला तो शेजारच्या संघाचा. दुसऱ्याच्या फलकावर गोळी मारणं ही या खेळातली सगळ्यात लाजिरवाणी चूक. मावशीने कपाळाला हात लावला. फलकाचा नंबर सांगताना मीच चुकले, असं तिने स्वतःहून सांगून टाकलं. शून्य गुण मिळाले, पदक गेलं. तिची बहीण, म्हणजे भाचीची आई, महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. भाची त्या गोळीबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि मावशीला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून तिने नियम घातला. प्रत्येक गोळीआधी ती नंबर सांगणार, नेमबाजाने तो म्हणून दाखवायचा. मावशी पाढे पाठ करून घेते, अशी पोरं चेष्टा करायची. ती म्हणायची, हो, घेते.

यंदाही शेवटच्या दिवशी शेवटची गोळी भाचीचीच होती. आमचा फलक सतरा नंबरचा. कांस्यपदकासाठी पाचपैकी चार गुण हवे होते. वारा पडला, पुन्हा उठला. मावशी नुसती बघत बसली. प्रशिक्षकांनी घड्याळ पाहून घसा खाकरला, पण तिने मान वळवली नाही.

"सतरा," ती म्हणाली.

"सतरा," भाची म्हणाली.

"एक उजवीकडे. मार."

गोळी सुटली. शेजारचा अठरा नंबरचा फलक खाली गेला. सतरा जागचा हलला नाही.

भाचीने मान न उचलताच विचारलं, "मावशी, परत तेच?"

मावशीचा चेहरा उतरला होता. क्षणभर वाटलं, ती पुन्हा कपाळाला हात लावणार. पण ती गुण लिहिणाऱ्या बाईंकडे वळली. "ती सतरा म्हणाली, मी ऐकलंय. शेजाऱ्यांनीही त्याच वेळी गोळी झाडली. सतरा खाली घेऊन बघायला सांगा."

बाईंनी वायरलेसवर निरोप दिला. फलक खाली गेला. तो वर येईपर्यंत एक चष्मा तयार झाला असता, असं मावशी नंतर सांगायची. वर आला तेव्हा खूण मधल्या वर्तुळात होती. पाच गुण. भोक आधीच्या भोकाला चिकटून पडलं होतं, म्हणून खंदकातल्या माणसाच्या नजरेतून सुटलं.

भाचीने रायफल खाली ठेवली आणि चटईवर उताणी पडून हसत सुटली. प्रशिक्षक पाठमोरे होऊन नाक पुसत होते. भाची जवळ आली तशी मावशीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुर्बीण पेटीत ठेवताना मावशीने विचारलंच, की गेल्या वर्षी तू गप्प का राहिलीस.

"मला वाटत होतं, मी आपल्याच फलकावर मारली," भाची म्हणाली. "पण तू आधीच चूक कबूल केलीस. मग मी काय बोलणार?"

मावशीने पेटी अर्धवट उघडी तशीच सोडली आणि रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली.

"तेव्हाही शेजाऱ्यांनी त्याच वेळी गोळी झाडली होती का गं?"