अक्काच्या पैंजणाने वाजलेली घंटा

मंडळी, आज दुपारी देवपूरच्या आमच्या घरात एक घंटा वाजली आणि मी अजून भारावलेला आहे.

निवृत्तीनंतर मी जुन्या काळचं बिनतारी यंत्र बनवतोय. स्वयंपाकघरात बटण दाबलं की ठिणगी उडते. तिच्या लहरींनी ओसरीवरच्या काचेच्या नळीतल्या धातूच्या किसाचे कण एकमेकांना चिकटतात, त्यातून वीज वाहते आणि घंटा वाजते. माझी मात्र कधीच वाजली नव्हती. उद्या सगळं भंगारात द्यायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात शिरपूरहून मोठी बहीण आली. "काय कमी पडस रे भाऊ?" अक्काने विचारलं.

मी म्हणालो, "निकेलच्या किसात जराशी चांदी पाहिजे."

तिने पिशवीतून तुटलेलं पैंजण काढलं. सोनाराकडे सांधायला आणलं होतं. "हाई घासी टाक."

"अक्का, तुना लगीननं शे ते!"

"आते मना पाय कोठे वाजाडतस? तुनी घंटा तरी वाजू दे."

मी एका कडीचा चिमूटभर कीस काढून नळीत मिसळला. अक्काने आत जाऊन बटण दाबलं. ओसरीवर घंटा खणखणली!

"वाजनी! वाजनी रे भाऊ!" ती टाळ्या पिटत बाहेर धावली. माझे डोळेच भरले.

हे यंत्र कशाला, असं तिने एकदाही विचारलं नाही. तुमच्या वेडासाठी असं न विचारता कोणी काही दिलंय का? त्यांना आजच एक फोन करा.