वाटेत बदललेला ढावलो

आमच्या बंजारा तांड्यात बाया रडतात ते सुरात. पोरगी सासरी निघो की कोणी मरो, एकमेकीच्या गळ्यात पडून शब्दाले शब्द जोडत जातात. त्याले ढावलो म्हणतात. पुरुषानं तो करायचा नसतो, बाजूले बसून ऐकायचा.

माझी बायको आजारी पडली तेव्हा आमची एकुलती एक पोरगी परदेशात होती. बायको खाटेवरून एकच म्हणायची, "पोरगी येऊन माह्यासाठी ढावलो करीन, तवाच मी गेली समजा." पोरगी पोहोचली तेरवी आटोपल्यावर. पांढरकवड्याले मीच तिले घ्यायले गेलतो.

अंगणात बाया वाट पाहून राह्यल्या होत्या. माझ्या साळीनं तिले गळ्यात घेतलं, सूर धरला, आन् पोरीची पाळी आली तशी साळी थांबली. पोरगी उभीच. डोळ्यांत पाणी, तोंडात शब्द नाही. बाया एकेक करून उठल्या. साळी जाता जाता बोलली, "मॅडम झाली. रडणं विमानातच विसरली."

पोरीले आमची बोली समजते, बोलता येत नाही. लहानपणीच मी तिले वसतिगृहात टाकलं, लोक त्याचा दोष मले देतात. देऊ द्या. आजही टाकीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसलो होतो. मी विचारलं, मायपेक्षा मोठं असं कोणतं काम होतं? ती तिच्या कामाचं, न्यूट्रिनोचं, सांगू लागली. सूर्यातून आन् त्याहून लई दूरच्या ताऱ्यांतून असे बारीक कण निघतात, की माणसातून, जमिनीतून आरपार जातात. त्यांच्या तीन जाती. सूर्यातून निघतात ते एकाच जातीचे. शास्त्रज्ञांनी जमिनीखाली यंत्रं लावली, तर पाहिजे त्याहून कितीतरी कमी सापडले. बाकीचे गेले कुठं, हे वर्षानुवर्षं कोणाले उमगेना. मग कळलं, हरवलं कोणीच नव्हतं. वाटेत जात बदलत होती, आन् यंत्राले एकच जात ओळखू येत होती.

मी चौथी नापास, पण शेती केलेला माणूस. म्हणालो, "तूर पेरली तर वाटेत हरभरा होत नाही."

"पेरताना दिसते एकच जात, पण आत तीन वाणांचं मिसळण असते, बा. चालता चालता कधी एक जात वर येते, कधी दुसरी."

मले पटलं नाही. आजही पुरतं पटलं नाही. म्हणालो, "ते राहू दे. तुह्या याडीचं काय?" याडी म्हणजे माय.

ती म्हणाली, "रडू येते, बा. शब्द येत नाहीत."

मग मीच सूर धरला. हसतील ते हसोत. "मारी याडी," पोरीच्या वतीनं मी म्हणालो. मागून ती म्हणाली. एक ओळ मी, मागून ती. माझा आवाज फाटका, आन् थोड्याच वेळात मले पुढचं आठवेना. जिले विचारलं असतं, तिच्यासाठीच तर हा ढावलो होता.

पोरगी थांबली नाही. त्याच सुरात मराठीत बोलत गेली. याडी, तुह्या फोनले मी 'मग बोलते' म्हणाली. याडी, तुह्या तोंडात मी पाणी नाही घातलं. मी तिले थांबवलं नाही. तोवर मी रडलो नव्हतो, तवा रडलो.

साळी कुंपणापाशी येऊन उभी राह्यली. आत आली नाही, परतही गेली नाही.