कानाने वारा पकडणारी अक्का

अक्का घरात आली की आधी कशी आहेस म्हणून विचारायची नाही. चपला काढायची, मान तिरपी करायची आणि एक कान पुढे धरून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागायची. कोपऱ्यात थांबायची, खिडकीखाली वाकायची, दाराच्या फटीपाशी तर खालीच बसायची. तरुणपणी जड कुड्या घालून तिच्या कानाच्या पाळ्या पार लोंबल्या होत्या, भोकं अशी की करंगळी जाईल. कुड्या कधीच्याच सुनेच्या कानात गेल्या होत्या, भोकं तेवढी उरली होती. ती म्हणायची, "या भोकातून वारा गेला की मला कळतं गे. देवाने उगाच नाही ठेवलं." मग भिंतीवर बोट टेकवायची, इथे. आणि तिथे हात धरला की खरंच गार लागायचं.

तुम्ही म्हणाल, कुंभकोणमला कसली थंडी. मोठ्या माणसाला नाहीच. मार्गळी महिन्यात, संक्रांतीच्या आधी, पहाटे दव पडतं, दारात कोलमची रांगोळी काढताना बोटं गार होतात, एवढंच. पण माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच आली होती, दोन किलोलाही भरली नव्हती, आणि तिच्यासाठी तेवढा गारवाही खूप होता. हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी भोकातून हात घालून तिच्या पायाला बोट लावायची, बस. घरी सोडताना नर्सबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "हिचे पाय गार पडू देऊ नका. गार पडली की प्यायलेलं सगळं अंग तापवण्यातच जातं, मग वजन कुठून येणार? पोंगलच्या आधी आणा. वाढली नसेल तर परत पेटीत ठेवावी लागेल." बाकी त्यांनी काय काय सांगितलं ते माझ्या कानात शिरलंच नाही, मी नुसती पेटी पेटी करत घरी आले.

आणि घर कसलं, तर कुंभकोणमच्या कडेला दारासुरमला विणकराचं जुनं घर, आम्हाला पुढचा भाग भाड्याने दिलेला. मधे उघडा चौक, वर कौलं, कौलं आणि भिंत यांच्यामधे एवढी फट की मांजर ये-जा करायची. जमिनीत मागाचा खड्डा, विणणारा पाय सोडून बसतो तो. माग कधीच काढून नेलेला, खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या, आणि त्या फळ्यांमधून खालून ओला गारवा यायचा, विहिरीच्या तोंडाशी बसल्यासारखा. आमचे हे टेम्पो चालवतात, पहाटे निघायचे. माझी आई नाही, भाऊ नाही, सासूबाई सेलमला पाय मोडून पडलेल्या. पहिल्या सकाळी मी पोरीचे पाय हातात धरले, ते गार होते, आणि मी रडायला लागले.

गल्लीच्या टोकाची अक्का तेव्हा आली. आमच्यासारखीच घरात मराठी बोलणारी, म्हणून तिला येता-जाता बघायची, एवढीच ओळख. काखेत कोऱ्याच्या गवताची चटई. म्हणाली, "रडायचंय तर तिला छातीशी धरून रड. तेवढीच ऊब लागेल." मग मान तिरपी केली आणि चालायला लागली.

तिचं आणि वाऱ्याचं जुनं वैर होतं. आयुष्यभर तिने विणकरांसाठी रेशमाचा ताणा पसरायचं काम केलं. अजूनही करतात, उजाडताना अख्ख्या गल्लीभर धागे ताणतात, आणि वारा उठायच्या आत गुंडाळावे लागतात, नाहीतर गुंता. "त्याने माझे किती दिवस खाल्ले," ती म्हणायची, जशी एखाद्या दिराबद्दल बोलतेय. "आता म्हातारपणी सापडलाय. सोडते काय मी."

पहिला खड्डा. फळ्या काढल्या, भाताचं सुकं पिंजर आणून दाबून दाबून भरलं, वर फळ्या, वर पोती, वर चटई. मी म्हटलं, अक्का, घरमालक ओरडेल. म्हणाली, "ओरडला तर त्याला म्हण, तुझा माग परत आण, मी पिंजर काढते." मग दाराच्या खाली जुन्या लुंगीची पुरचुंडी, आत वाळू. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्र आणि खळ, तीच तांदळाची, जी ती धाग्यांना लावायची. सगळं ती एकटी करायची आणि एकटीच बडबडायची, "इथून येतोस होय. ये आता. ये बघू."

राहिलं छप्पर. त्याची युक्ती ऐकून हे हसायलाच लागले. आमच्याकडे लग्न असो, कान टोचणं असो, नाक्यावर माणसाएवढ्या फोटोंचे फ्लेक्स लागतात, कार्य झालं की कुणी विचारत नाही. अक्का लग्नाच्या हॉलवर गेली, वॉचमनशी भांडली की गोड बोलली देव जाणे, आणि दुपारी ह्यांच्याच टेम्पोतून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आली. शिडी लावली, ह्यांना वर चढवलं, कौलांखाली वाशांना खिळे मारून ते ताणून बसवले. चित्राची बाजू खाली. मी म्हटलं, उलटी तरी लाव ना, ही माणसं आमच्याकडे बघतायत. "बघू देत. तुझ्याकडे माणसं नाहीत म्हणून रडत होतीस ना?"

तर आमच्या पलंगाच्या वर छताला एक नवरा-नवरी, हात जोडलेले, आणि त्यांच्या शेजारी कुणाच्या तरी कान टोचण्याच्या फ्लेक्सवरचा एक मामा, पांढरा शर्ट, काळा चष्मा, ही एवढी मिशी. अक्का सकाळी आली की आधी कान पुढे करून एक फेरी मारायची, मग वर बघून विचारायची, "काय मामा, काही घुसलं का?"

आणि बाटल्या. दारूच्या दुकानामागून तिने रिकाम्या काचेच्या बाटल्या गोळा करून आणल्या, राखेने घासून, उकळून. नारळाच्या सोडणांवर पाणी तापवायचं, बाटल्यांत भरायचं, झाकण घट्ट, वर जुन्या धोतराचे दोन वेढे, आणि पोरीच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या. बाटली आणि बाळ यांच्यामधे अक्काचा तळहात उभा मावलाच पाहिजे, त्याशिवाय ती उठायची नाही. ह्यांना मात्र लाज वाटायची. चौकात बाटल्या वाळत घातलेल्या, येणारा-जाणारा बघतोय.

"अक्का, लोक मला काय म्हणतील?"

"म्हणतील, बाप पितो आणि लेक शेकते. म्हणू दे."

त्यांनाही वाटायचं ना, आपण काहीतरी करावं. बाळाला न्हाऊ घातल्यावर सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर देतात, त्याची निखाऱ्यांची मातीची धुपाटणी आमच्याकडेही होती. एका सकाळी मी न्हाणीत होते, ह्यांनी ती काठोकाठ निखाऱ्यांनी भरली आणि पोरीच्या पलंगाखाली ठेवली, दार लावून घेतलं. ऊब राहावी म्हणून. सगळ्या फटी तर बुजवलेल्याच होत्या. अक्काने दार ढकललं, तिचा कान वगैरे काही नाही, नाकच फुगलं. पदराने धुपाटणी उचलली, चौकात नेऊन त्यावर बादलीभर पाणी ओतलं, पोरीला उचलून बाहेर उजेडात आणलं. पोर रडली. तेव्हा कुठे अक्का श्वास घेऊन खाली बसली.

हे भिंतीला टेकून उभे, रडकुंडीला आलेले. ती त्यांना ओरडली नाही. म्हणाली, "चूक माझी. मी सगळंच बुजवत सुटले, भांडणाच्या भरात. घराला एक नाकपुडी ठेवावी लागते, नाहीतर निखारे आतला श्वासच खातात." आणि ह्यांनाच पुन्हा शिडीवर चढवून, पलंगापासून लांबच्या कोपऱ्यात, वर उंच, एका फ्लेक्सचं टोक तिने सोडवायला लावलं. त्या दिवसापासून ती रोज दोन गोष्टी बघायची, वारा खाली कुठे येत नाही ना आणि वर जातोय ना.

त्या दिवशीच माझा धीर पार सुटला. मी म्हटलं, "अक्का, मला हे जमत नाही. पेटीच बरी. तिथे काटा असतो, दिवा असतो. मी बघ, माझेच हात गार."

"हात गार आहेत. पोट?"

तिने माझा हात माझ्याच पोटावर ठेवला. मग मला विचारलं, नर्स आणखी काय म्हणाली होती, आठव. मला हळूहळू आठवलं, उघड्या अंगाला उघडं अंग लावून धरा म्हणाल्या होत्या, आणि मी घाबरून, पोर चेंगरेल म्हणून, कधी केलंच नव्हतं. अक्कालाही ते नवीन होतं, ती पोरांना गुंडाळणाऱ्यांतली. जरा विचार करून म्हणाली, "शिकलेली बाई उगाच सांगणार नाही. करून बघू." मऊ झालेली सुती साडी आणली, पोरीला टोपडं आणि लंगोट तेवढं ठेवून माझ्या छातीवर उभी धरली, डोकं बाजूला, नाक मोकळं, आणि माझ्यासकट तिला बांधून टाकलं, ताणा बांधतात तशी, सैल नाही आणि काचतही नाही. थोड्या वेळाने तिने पोरीचा पाय चिमटीत धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा धरला.

"चूल तूच आहेस गे," ती म्हणाली. "मी इतके दिवस नुसता आडोसा करत होते."

मग मी तशीच बसायची, तशीच भाजी चिरायची, तशीच मिशीवाल्या मामाकडे बघत पडायची. मी दमले की हे शर्ट काढून बांधून घ्यायचे, आणि अक्का त्यांना "दुसरी चूल" म्हणायची.

पोंगलच्या आधी गेलो. टाऊन बसमधे वारा म्हणून अक्काने खिडकीवाल्या तीन माणसांना उठून काचा लावायला लावल्या. दवाखान्यात नर्सबाईंनी टोपडं काढलं, एक दुपटं काढलं, दुसरं काढलं, मग थांबून मानेखाली हात घातला. "काय हो हे, मार्गळीत हिला घाम आलाय." मी घाबरले, वाटलं घाम म्हणजे काहीतरी वाईट. पण त्या हसत होत्या. काट्यावर ठेवली, आणि आकडा बघून दुसऱ्या नर्सला हाक मारली. पेटीचं नावच निघालं नाही. "एवढं नका गुंडाळू आता," म्हणाल्या. अक्का बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितलं तर एवढंच म्हणाली, "घाम," आणि परत एकदा, "घाम," आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली, बस येईपर्यंत.

वर्ष व्हायच्या आत कान टोचले. आमच्याकडे मूल मामाच्या मांडीवर बसवतात. हे म्हणाले, कुणीतरी चुलत भाऊ बोलावू. अक्का छताकडे बघून म्हणाली, "मामा आहे, पण त्याला छातीच्या खाली छापलेलंच नाही. मांडी माझी चालेल काय?" पोर तिच्याच मांडीवर बसली. सोनाराला तिने बजावलं, "बारीक भोक कर. हिला वारा पकडायचं काम करायचं नाही." आणि नाक्यावर आमच्याही पोरीचा फ्लेक्स लागला, गुबगुबीत गाल, कपाळावर टिकली, माणसाएवढी.

नंतर मुलाने अक्काला तिरुप्पूरला नेलं. नवीन फ्लॅट, सरकत्या काचा, लावल्या की बाहेरचं कुत्रंही ऐकू येत नाही. फोनवर कुरकुरते, "इथे वाराच नाही गे. मी करू काय दिवसभर?"

या मार्गळीत साक्कोट्टैहून एकजण आली, कुणीतरी माझं नाव सांगितलेलं, पोर वेळेआधी झालेलं, घर पत्र्याचं. मी लेकीला घेऊन गेले. चपला काढल्या आणि मला कळायच्या आत मान तिरपी झाली होती. बारीक भोकं आहेत माझ्या कानाला, तरी गार लागलंच. शिडीवर मीच चढले, पत्र्याखाली घरी जपून ठेवलेला आमचा फ्लेक्स ताणला, चित्राची बाजू खाली. खाली ते चिमुकलं आईच्या छातीवर बांधलेलं, आणि माझी लेक हात वर करून सगळ्यांना सांगत सुटली, "मी. वर मी."

घरी येऊन अक्काला फोन लावला, सगळं एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"नाकपुडी ठेवलीस?"

"ठेवली."

"आणि पाय?"

"गरम आहेत अक्का. हातात धरून बघितले."

"मग फोन ठेव," ती म्हणाली, "आणि उद्या परत जाऊन बघ."