स्वच्छ आवाज

अरविंद गेल्यावर त्याचा गिटारचा ॲम्प्लिफायर त्याच्या धाकट्या भावाकडे आला. काल मी या भावाच्या घरी गेलो, तेव्हा ॲम्प्लिफायर टीव्हीशेजारी ठेवलेला होता. मागच्या जाळीतून काचेचे व्हॉल्व्ह तांबूस उजळलेले दिसत होते.

आमच्या ग्रुपमध्ये मी ड्रम वाजवायचो आणि अरविंद गिटार. या ॲम्प्लिफायरमध्ये त्याने एक जादा व्हॉल्व्ह स्वतः बसवला होता. एका व्हॉल्व्हने मोठा केलेला सूर पुढच्यात जायचा, तिथून त्याच्या पुढच्यात, आणि शेवटी कुणालाच पेलायचा नाही. मग त्याच्या लाटेची टोकं कापली जायची आणि दाट, खरखरीत, लांबत जाणारा आवाज यायचा. सूर फाटतोय म्हणून आम्ही कुरकुर करायचो. "फाटू दे," अरविंद म्हणायचा, "अख्खा सूर खोटं बोलतो."

"दादाने काहीतरी उचापती करून ठेवल्या होत्या," भाऊ कौतुकाने म्हणाला. "सगळं काढून मूळचं करून घेतलं. आता ऐका."

त्याने तार छेडली. सूर गोल, गुळगुळीत, कुणाचाही असावा असा होता.

माणूस गेला की मागचे लोक त्यालाही असंच दुरुस्त करून घेतात. शोकसभेत सगळे अरविंदला शांत, मनमिळाऊ म्हणाले. भांडल्याशिवाय त्याची एकही तालीम पार पडली नव्हती. त्याच सभेत मीही मान डोलावली होती.

भावाने पुन्हा तार छेडली. "दादाची आठवण येते ना?"

"या आवाजात नाही येत," मी म्हणालो.