कल्लप्पाच्या शेजारची जागा

मेहकरच्या गौरम्माला भ्या म्हणून कसलं ठावं नव्हतं. तिच्या किराणा दुकानात नाग निघाला तर तराजूच्या दांडीनं रेटत त्याला बाहेर घालवणारी बाई ती. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "माप बघा, माझं तोंड बघू नका," असं सुनावायची. अशा बाईच्या पोटात यंदाच्या उन्हाळ्यात भ्यानं घर केलं. मरणाचं म्हणाल तर ते तिच्या लेखी आज ना उद्याचं पाव्हणं. भ्या होतं मेल्यावर कुठं बसवतील याचं.

घर लिंगवंताचं, म्हणजे लिंगायताचं. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, आडवंही निजवत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, भोवतीनं मीठ, विभूती, बेलाची पानं घालतात आणि मग माती देतात. तिचा नवरा कल्लप्पा असाच आपल्या रानाच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली बसलेला. जिवंतपणी दोघांचं वाजलं की तो म्हणायचा, "मेल्यावर तरी शेजारी गप बसशील का?" ती म्हणायची, "शेजारी बसंन. गप बसायचं तवाचं तवा बघू." म्हणजे जागा तेव्हाच ठरलेली.

पण पोरगा रेवणसिद्ध हैदराबादला राहिलेला, रान कसणार कोण? ते त्यानं पिराजीला विकलं. पिराजीचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे. हे घर आता कुठं गावात टेकलेलं. सौद्याच्या वेळी बसवण्णाच्या देवळात पिराजीनं शब्द दिला, "कल्लप्पाण्णाच्या समाधीला नांगर लावणार न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या, गौरम्मानंही डोलावली. शेजारच्या रिकाम्या जागेचं मात्र कुणी बोललंच नाही. खरेदी होऊन घरी आल्यावर चुलीपुढं बसली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रान गेलं, त्यात आपली बसायची जागाही गेली की!

आता तुम्ही म्हणाल, जाऊन विचारायचं सरळ. अहो, विचारलं आणि "न्हाई" म्हणाला तर? न विचारता निदान आशा तरी शिल्लक होती. म्हणून ती गप राहिली. गप राहायची सवय नसलेल्या बाईला गप राहणं बाधतं, तसं तिला बाधलं. जेवण तुटलं, झोप उडाली.

अशात एका सोमवारी ती समाधीला फूल वाहायला गेली आणि जागीच खिळली. पिराजी शेततळं खोदणार होता. त्याची चुन्याची रेघ कल्लप्पाच्या समाधीला वळसा घालून नेमकी तिच्या जागेवरून गेली होती. समाधी सोडली होती, शब्द पाळला होता, त्याला बोल लावायला जागा नव्हती. आपण इथं नाही तर कुठं? हैदराबादला पोराकडं मेलो आणि तिथं जाळून टाकलं तर?

भ्यालेल्या माणसाची अक्कल गवत खायला जाते. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ती पिशवी घेऊन गेली. समाधीशेजारी आपल्या मांडीच्या मापानं चौकोन आखला, त्यात दुकानातलं खडेमीठ पसरलं, वर विभूती आणि बेल घातला. तिचा हिशोब साधा. मीठ-विभूती पडलेली जागा बघितली की कुठलाही माणूस हात जोडून बाजूला सरेल. तिच्या माणसांतला सरलाही असता. पण रान आता पिराजीचं होतं.

दुपारी पिराजीची बायको बाणूबाई दुकानात आली ती धापा टाकतच.

"गौराक्का, लिंबू हाय का? आमच्या रानात कुणीतरी करणी केलीया!"

गौरम्माच्या हातातलं माप खाली पडलं. "करणी? कशावरनं?"

"मीठ, राख, पाला, समदं चौकोनात मांडलंय! आन् आज सकाळी मेंढी मेली माझी. धनी म्हणायलेत, उद्या जेसीबी यायलाच हाय, पयला तो कोपराच उकरून लांब फेकू." मग ती थबकली. "अक्का, तू कामून थरथरायलीस?"

"ताप हाय जरा," गौरम्मा म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाशी खोटं बोलली असेल. बाणूबाई गेल्यावर तिनं दाराला कडी घातली आणि पोराला फोन लावला.

"अव्वा," रेवणसिद्ध म्हणाला, "मेल्यावर कुठं बसवलं तर काय फरक पडतो? तू इकडंच ये. इथं सगळी सोय हाय."

सोय! फोन तिनं उलटा ठेवला आणि रडली, भोकाड पसरून रडली.

सकाळी जेसीबीची घरघर ऐकून ती अनवाणीच रानाकडं सुटली. मशीन कडुलिंबापाशी उभं होतं, लोखंडी हात वर उचललेला. गौरम्मा थेट मिठाच्या चौकोनात गेली आणि मांडी घालून बसली. ड्रायव्हर ओरडला, पिराजी धावत आला, बाणूबाई मात्र लांबच थांबली, पदर तोंडात कोंबून.

"ऊठ अक्का! करणीची जागा हाय ती!"

"करणी न्हाई रे बाबा. मीठ माझं हाय." तिनं मुठीत मीठ उचलून दाखवलं. "आमच्यात बसवताना घालत्यात. मला ह्यांच्या शेजारी बसायचंय. रान तुझं झालं, मी जागा मागायची राह्यले."

पिराजी भडकला. "मग तोंड कुठं गेलं हुतं? माझी बायको रातभर झोपली न्हाई!"

"भ्याले रे. तू न्हाई म्हणशील म्हणून भ्याले. मी इकत घेते. फुकट नगं, फुकटच्या जागेवरनं माणसाला उठवत्यात."

पिराजी काही बोलणार, तेवढ्यात बाणूबाई पुढं आली. भीत भीत, एकेक पाऊल टाकत ती चौकोनाच्या कडेला येऊन उकिडवी बसली.

"माझं पयलं लेकरू वाटंवर गेलं, अक्का," ती म्हणाली. "मेंढरं घिऊन करजगीकडं हुतो. एका बांधाला पुरलं, वर धोंडा ठिवला आन् पुढं गेलो. दुसऱ्या साली आलो तर बांध न्हाई, धोंडा न्हाई, समदा ऊस. मी त्या उसात हाका मारत हिंडले बग." तिनं नाक पुसलं. "ते कुठं हाय, मला अजून ठावं न्हाई."

गौरम्मानं हात पुढं केला. बाणूबाईनं तो धरला नाही. तिनं रानातली मूठभर माती उचलली आणि गौरम्माच्या पदरात टाकली.

"ही घे तुझी जागा. आन् मोल म्हणून जगशील तवर आमच्या घराला लागंल ते मीठ तुझ्या दुकानातनं. लौकर मरू नगंस, मला तोटा व्हईल."

पिराजीनं बायकोकडं बघितलं, समाधीकडं बघितलं, आणि डोक्यावरचा टॉवेल काढून मान डोलावली.

ड्रायव्हरला काहीच कळलं नव्हतं. त्यानं मशीनवरनंच विचारलं, "अण्णा, मग खोदू कुठं?"

उत्तर बाणूबाईनं दिलं. "तिकडं वरच्या अंगाला खोद रं. हितं माणसं बसत्यात."