शेजारचे चार माग आणि माझा काटकोन

तीस वर्षं मुलांना काटकोन शिकवला आणि निवृत्त झाल्यावर माझ्याच घरात तो टिकेना. गोष्ट त्या काटकोनाची आहे, पण शेजारच्या आप्पांच्या चार मागांशिवाय ती सांगता येत नाही.

खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, आम्ही घेतलेलं घर म्हणजे एका लांबलचक मागशेडचा अर्धा भाग. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा मधे भिंत घातली गेली. धाकट्याने आपला भाग आम्हाला विकला, थोरला पलीकडे राहिला. तेच आप्पा. एके काळी त्यांचे आठ यंत्रमाग होते, आम्ही राहायला आलो तेव्हा चार उरले होते. मुलगा फौंड्रीत नोकरीला लागला होता आणि त्याला मागात काडीचा रस नव्हता.

"हे चार चालू हाईत तवर माझं बरं हाय, मास्तर," आप्पा एकदा म्हणाले. "बंद पडल्यावर सकाळी उठून जायचं कुठं?"

म्हणाले हसत, पण ते हसण्यावारी न्यायचं बोलणं नव्हतं, एवढं मला कळलं.

मी मूळचा जांबोटीकडच्या शेतकरी घरातला. लाकडाचा नाद तिकडचा. निवृत्तीनंतर माझ्या अर्ध्या शेडमध्ये मी एक राउटर टेबल उभं केलं. राउटर म्हणजे लाकडाला खाचा पाडणारं यंत्र. ते टेबलाखाली उलटं बसवायचं, म्हणजे फिरणारं पातं टेबलाच्या भोकातून वर येतं. पात्याच्या मागे एक उभी फळी असते, ती फेन्स. लाकूड तिला टेकवून पुढे सरकवायचं. फेन्स टेबलाशी काटकोनात असली तर खाच सरळ येते, नसली तर सगळं मुसळ केरात.

माझी फेन्स काटकोनात राहत नव्हती. सकाळी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून सरळ करावी, मागचे बोल्ट आवळावेत आणि जेवून येऊन बघावं तर गुण्या आणि फेन्स यांच्या मधून उजेड दिसायचा.

मी आधी गुण्यावरच संशय घेतला. कागदावर रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, म्हणजे गुण्या निर्दोष. मग फेन्सखाली भुसा अडकतोय का ते पाहिलं आणि ब्रशने सगळं झाडून काढलं. मग प्लायवूड फुगलं असेल म्हणून फळी बदलली. मग कागदाच्या घड्या घालून टेकू दिला. हे सगळं मी वहीत क्रमवार लिहून ठेवत होतो, कारण सवय जात नाही. बायको दारात उभी राहून वाचायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "आता अंगणालाबी गुण्या लावून बघा."

मला राग आला. गणिताच्या मास्तराला काटकोनावरून बोललेलं सोसत नाही.

कारण सापडलं ते एका स्क्रूमुळे. राउटर बंद होता, मी चहा पीत बसलो होतो आणि टेबलावर आडवा ठेवलेला एक स्क्रू हळूहळू स्वतःच सरकत कडेला आला आणि खाली पडला. मी तो उचलून पुन्हा ठेवला, तो पुन्हा निघाला. टेबलावर हात ठेवला तेव्हा तळव्याला बारीक कंप जाणवला. भिंतीपलीकडे माग खडाखडा चालले होते. दोघा भावांनी मधे भिंत घातली होती, पण खालची फरशी एकच राहिली होती. तिच्यातून येणारा हादरा दिवसभर माझे बोल्ट ढिले करत होता. अंगण खरंच वाकडं निघालं, आणि हे बायकोला सांगताना मला फार बरं वाटलं.

तसाच आप्पांकडे गेलो. तक्रार करायला गेलो होतो, हे कबूल केलेलं बरं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन ते तीन बंद ठीवतो की. मीबी तवा जरा पडीन. तासभर बास हाय न्हवं?"

एवढ्यावर भांडणच मिटलं. चालू माग रोज तासभर थांबवणं म्हणजे तेवढं कापड कमी, हे माझ्या लक्षात आलं, पण मी नको म्हणालो नाही. बदल्यात मी त्यांना पिकिंगच्या काठ्या करून देतो म्हणालो. आडवा धागा नेणारा मागाचा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकते ती काठी. बाभळीची लागते आणि तिच्या टोकाची खाच सरळ हवी, नाहीतर धोटा भलतीकडे सुटतो. पहिल्या दोन काठ्यांच्या खाचा माझ्याकडून तिरक्या झाल्या. आप्पा "चालतंय की" म्हणाले. ते घरी बसून त्या कानशीने घासून सरळ करत होते, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. त्यानंतर काठ्या उत्तम झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, असं मी ठरवलं. आप्पांनी चार मागितल्या होत्या, प्रत्येक मागाला एक जादाची.

टेबलाच्या पायांखाली मी जुन्या टायरचे तुकडे घातले. प्रत्येक बोल्टवर दुसरी नट चढवली, म्हणजे पहिली हलली तरी दुसरी धरून ठेवेल. फेन्सच्या कडेला टेबलावर पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि भात कापणीला बायकोला घेऊन गावी निघून गेलो.

बारा दिवसांनी परतलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. पलीकडे सामसूम होती, म्हणजे आमचा ठरलेला तास. पिशवी खाली ठेवली आणि आधी गुण्या लावला. उजेड नाही. पेन्सिलीची रेघही फेन्सला चिकटून जशीच्या तशी. बारा दिवसांत केसभर फरक नाही! मी वहीत लिहिलं: दुहेरी नटने काम झालं. खाली दोन रेघा ओढल्या. अंगावरचा शर्टही न बदलता चार काठ्या कापल्या, खाचा पाडल्या आणि त्या काखेत मारून आप्पांच्या दाराशी गेलो.

"आप्पा, फेन्स हलली नाही! बारा दिवस!" मी दारातूनच ओरडलो.

आत एकही माग नव्हता. फरशीवर बोल्टांची भोकं होती आणि तेलाचे चार काळे चौकोन. कोपऱ्यात आप्पा लोखंडी खुर्चीवर बसले होते.

"आता कशी हलंल ती, मास्तर," ते म्हणाले.

व्यापाऱ्याने सूत देणं थांबवलं होतं. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी माग थांबले आणि चार दिवसांनी भंगाराच्या टेम्पोत चढले. मला कळवलं का नाही, असं मी विचारलं.

"तुमी सुगीला गेलता. सुगीत असलं काय सांगायचं?"

माझ्या चेहऱ्यावर अजून तो आनंद तसाच असणार. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे. आप्पांनी हात पुढे केला म्हणून काठ्या दिल्या. त्यांनी एकेका खाचेतून अंगठा फिरवला.

"ह्या मातुर बरोब्बर झाल्यात," ते म्हणाले आणि उठून त्यांनी चारही काठ्या भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला अडकवल्या.

हल्ली ते दुपारी दोन वाजता माझ्या शेडमध्ये येऊन बसतात. तीन वाजले की "चला, चालू करतो" म्हणून उठतात, दारापर्यंत जातात, तिथे जरा वेळ थांबतात आणि परत येऊन बसतात. मी तेव्हा त्यांच्याकडे बघत नाही. गुण्या घेऊन फेन्स तपासत राहतो. ती सरळच असते.